आवाज येतो, चाहूल लागत नाही



वक्ते सहसा श्रोत्यांना जागं राहायला सांगतात. मी उलट सांगते. डोळे मिटा. दहा सेकंदच, कारण झोप लागेल एवढा वेळ द्यायची माझी तयारी नाही. आणि आता सांगा, माझा आवाज कुठून येतोय?

उघडा डोळे. उजवीकडे बसलेल्यांना तो उजव्या भिंतीवरच्या स्पीकरमधून आला असेल आणि डावीकडच्यांना डाव्या. आणि आता? आता तो पुन्हा माझ्या तोंडातून यायला लागला. स्पीकर हललेला नाही, मी हललेली नाही. डोळ्यांनी कानांवर दादागिरी केली, एवढंच झालं. रामदास पाध्ये अर्धवटरावांना बोलतं करतात ते याच दादागिरीच्या जोरावर. पाध्यांचे ओठ मिटलेले, बाहुल्याचा जबडा हलतोय, आणि आपले कान निमूटपणे डोळ्यांचं ऐकतात. शब्दभ्रम हे फार नेमकं नाव आहे त्याला.

पण डोळे मिटले, किंवा गोष्ट पाठीमागे घडत असली, की कान मोकळेपणी स्वतःचं म्हणणं मांडतात. दाराशी कोण आलं, माळ्यावर काय खुडबुडलं, मागून येणारी रिक्षा डाव्या अंगाने काढणार की उजव्या. कान हे सगळं इतक्या गुपचूप सांगतात, की ते सांगत होते हेच आपल्याला ते सांगायचे थांबल्यावर कळतं.

ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, ते त्यांच्या शेवटच्या काही वर्षांत माझ्याकडे येत असत. मी ऑडिओलॉजिस्ट. सोप्या मराठीत, कानाचं मशीन बसवणारी बाई. सरांना मी चांगली, महागातली दोन मशीनं बसवली. आठ दिवसांनी आले. विचारलं, "सर, ऐकू येतंय का?" म्हणाले, "बाई, आवाज येतो. चाहूल लागत नाही."

जन्मभर मराठी शिकवलेला माणूस. त्यांनी एका वाक्यात मला माझा धंदा शिकवला. आवाज वेगळा आणि चाहूल वेगळी. चाहूल म्हणजे आवाज अधिक जागा. कोणीतरी आहे, आणि अमुक बाजूला आहे, आणि जवळ येतंय. कानोसा शब्द बघा. कानोसा घेणारा माणूस नुसतं ऐकत नाही. मान थोडी वाकडी करतो, श्वास धरतो, आणि आवाजाची जागा शोधतो. भाषेने हे भेद केव्हाच करून ठेवलेत. मी मात्र मशीन विकताना आवाज देत होते आणि चाहूल देते आहे असं समजत होते.

आता थोडं आत शिरू. देवाने एक तोंड आणि दोन कान दिले, ते बोलण्यापेक्षा जास्त ऐकावं म्हणून, असं आपण मुलांना सांगतो. वळण लावायला ठीक आहे, पण दुसऱ्या कानाची खरी कमाई वेगळी आहे. एका कानाने माणूस बऱ्यापैकी ऐकतो. लहानपणी गालगुंड होऊन एक कान गेलेली माणसं नोकऱ्या करतात, फोनवर बोलतात, गातातसुद्धा. त्यांना विचारा काय गेलं ते. हाक ऐकू येते, पण ती कुठून आली हे कळत नाही, असं सांगतील.

डोळ्याच्या पडद्यावर चित्र पडतं. डावीकडचं झाड एका जागी, उजवीकडचा खांब दुसऱ्या जागी. कानात असं चित्र पडत नाही. आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते, कॉक्लिया. तिच्यावर पेटीच्या पट्ट्यांसारखे स्वर मांडलेले असतात. उंच स्वर अगदी दाराशी आणि खालचे स्वर आत टोकाला. डावं, उजवं, पुढे, मागे असं तिथे काहीच लिहिलेलं नसतं. जागा मेंदू हिशेब करून काढतो. आणि काय हिशेब आहे!

उजवीकडून टाळी वाजली तर आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डोक्याला वळसा घालून डाव्यात नंतर. किती नंतर? टाळी अगदी बाजूला वाजली तरी फार तर सेकंदाचा दीड हजारावा भाग. एवढाच काय तो वाव. आणि या वावात मेंदू सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका फरक ओळखतो. तेवढ्या वेळात आवाज साडेतीन मिलिमीटर जातो, तांदळाच्या दाण्याच्या लांबीइतकाही नाही. आपली गाडी फलाटावर अर्धा तास उशिरा आली तरी आपण वेळेवर आली म्हणतो, आणि डोक्यात हे असं घड्याळ घेऊन फिरतो.

दुसरा हिशेब सावलीचा. डोकं मध्ये आलं की आवाजाची सावली पडते. खर्जातले आवाज लांब लाटांचे, ते डोक्याला वळसा घालून जातात. बारीक, उंच आवाज अडतात आणि पलीकडच्या कानात क्षीण होऊन पोचतात. अगदी उंच आवाजांत हा फरक 20 डेसिबलपर्यंत जातो. वेळेचा हिशेब खालच्या स्वरांसाठी आणि सावलीचा वरच्या, अशी विभागणी इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी 1907 साली मांडली. हे रॅले म्हणजे अरगॉन वायूच्या शोधाबद्दल 1904 चं नोबेल मिळालेले. त्याच्या कितीतरी आधी, 1870 च्या दशकात, त्यांनी हिरवळीवर भोवती माणसं उभी केली होती आणि डोळे मिटून आवाज कुठून येतो ते ओळखायचा खेळ मांडला होता. माणसाचा आवाज असला तर दिशा नीट कळायची. ट्यूनिंग फोर्कचा एकच शुद्ध स्वर असला तर डावं-उजवं कळायचं, पण पुढे की मागे यात गफलत व्हायची.

का व्हावी? कारण बरोबर नाकासमोरून आलेला आवाज आणि बरोबर पाठीमागून आलेला आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी, सारख्याच जोराने पोचतो. वेळेचा हिशेब शून्य, सावलीचाही शून्य. मग आपल्याला मागची हाक मागची कशी वाटते? इथे कामाला येतो तो कानाचा बाहेर दिसणारा भाग, जो धरून शाळेत आपल्याला बाकावर उभं केलं जायचं. त्याच्या वळ्या, खळगे, कंगोरे उगीच नाहीत. वरून, खालून, समोरून, मागून येणारा आवाज त्या खळग्यांत वेगवेगळा आपटतो, आणि काही उंच स्वर जोरकस होतात तर काही पुसले जातात. दोन माणसांचे कान सारखे नसतात, त्यामुळे प्रत्येकाचा मेंदू स्वतःच्या कानाचा हा ठसा लहानपणापासून पाठ करत आलेला असतो. आणि या ठशातलं बहुतेक सगळं साधारण 4,000-5,000 हर्ट्‌झच्या वर असतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच गोत्यात आणणार आहे.

इथे एका पाहुण्याची ओळख करून देते. गव्हाणी घुबड. जुन्या वाड्यांत, किल्ल्यांत राहणारं, पांढऱ्या बदामी चेहऱ्याचं, आणि आपण विनाकारण अपशकुनी ठरवलेलं. हे घुबड मिट्ट काळोखात नुसत्या आवाजावर उंदीर धरतं. त्याचे दोन कान एका पातळीवर नसतात, एक वर आणि एक खाली. त्यामुळे जो सावलीचा हिशेब आपल्याला डावं-उजवं सांगतो, तो त्याला वर-खाली सांगतो. एरिक नुडसेन आणि मासाकाझू कोनिशी यांनी 1978 साली या घुबडाच्या मेंदूत आवाजाच्या जागांचा चक्क नकाशा दाखवला. पुढे नुडसेन यांनी पिल्लांच्या एका कानात बोळा घातला. पिल्लं आधी चुकली, मग काही आठवड्यांत त्या बोळ्यासकट नेम धरायला शिकली. मोठ्या घुबडांना ते जमलं नाही. या बोळ्याकडे आपण परत येऊ.

आता वय. वयाबरोबर ऐकणं कमी होतं तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. शंखाच्या दाराशी असलेले उंच स्वर आधी जातात. खालचे बराच काळ शाबूत राहतात. म्हणून वय झालेला माणूस म्हणतो, ऐकू येतं पण शब्द कळत नाहीत. स्वर ऐकू येतात आणि स, श, फ, ख यांसारखी उंच पट्टीतली व्यंजनं गळतात. सासू आणि काकू, दोन्ही नुसत्याच 'आऊ' होतात. याबद्दल सगळे बोलतात. याबद्दल तपासण्या आहेत, जाहिराती आहेत.

पण जे स्वर गेले त्यांच्याबरोबर आणखी काय गेलं? कानाच्या कंगोऱ्यांनी उमटवलेला ठसा त्याच पट्टीत होता. सावलीचा हिशेबही त्याच पट्टीत. खालच्या स्वरांवरचा वेळेचा हिशेब तेवढा हाती उरतो. म्हणून डावं-उजवं बऱ्यापैकी कळत राहतं, आणि पुढचं-मागचं, वरचं-खालचं कोसळतं. मोबाइल वाजतोय हे कळतं, पण तो उशाशी की स्वयंपाकघरात ते कळत नाही. हॉर्न ऐकू येतो, आणि गाडी मागून येत असताना माणूस समोर बघत राहतो. घरातले म्हणतात, ऐकू येऊनही बघा कसे करतात. करत नाहीत हो. ते बिचारे एका बेपत्ता आवाजाशी लढतायत.

आणि दुसरं नुकसान याहून मोठं. लग्नाची पंगत आठवा. शंभर माणसं बोलतायत, मागे सनई, वाढप्यांची आरडाओरड, आणि तरी शेजारच्या मावशींचं बोलणं आपण अख्खं ऐकतो. कॉलिन चेरी यांनी 1953 साली या कोड्याला कॉकटेल पार्टीचं नाव जोडून दिलं. त्यांना पंगत माहीत नव्हती, नाहीतर जास्त अवघड उदाहरण मिळालं असतं. हे आपल्याला जमतं त्याचं एक मोठं कारण जागा. मावशी उजवीकडे, सनई डावीकडे, वाढपी मागे. मेंदू आवाज जागेनुसार वेगळे मांडतो आणि एकावर बोट ठेवतो. जागा पुसल्या की सगळे आवाज एकमेकांवर सांडतात. त्यांचं पिठलं होतं. मग माणूस अंदाजाने हसतो, अंदाजाने मान डोलावतो, घरी आल्यावर पार गळून जातो, आणि पुढच्या लग्नाला म्हणतो, तुम्ही या जाऊन.

"यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं" हे वाक्य मी नोकरीत किती वेळा ऐकलं असेल! शांत खोलीत, समोरासमोर, एकाच माणसाचं बोलणं अशा माणसाला ऐकू येतं, आणि चार माणसांत येत नाही. घरच्यांना ते सोंग वाटतं. आपल्या नाटकांनीही बहिऱ्या म्हाताऱ्याला हशा वसूल करायलाच ठेवलेला. मला त्या विनोदांचं वाईट वाटतं ते बोचतात म्हणून नाही. विनोद करणाऱ्याने नीट बघितलेलं नसतं म्हणून.

पण नाटकवाल्यांना कशाला बोलू, आम्ही तरी कुठे बघत होतो? ऑडिओमेट्री कशी करतात ठाऊक आहे ना? आवाजबंद खोली. कानांवर हेडफोन. एका वेळी एक कान. 250 हर्ट्‌झपासून 8,000 हर्ट्‌झपर्यंत एकेक शुद्ध स्वर. आला की बटण दाबा. त्यातून जो आलेख निघतो तो उत्तम, आवश्यक, त्याच्यावाचून आमचं पान हलत नाही. पण "कुठून आला?" हा प्रश्न त्यात एकदाही येत नाही. येऊच शकत नाही. हेडफोन लावल्यावर आवाज डोक्यातच! म्हणजे माणसाचं जे गेलं त्यातलं अर्धं आम्ही मोजतच नव्हतो. स्टुअर्ट गेटहाउस आणि विल्यम नोबल यांनी 2004 साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात बोलणं कळतं का, याच्या जोडीला सरळ विचारलंय, आवाज कुठून येतो ते कळतं का, गाडी जवळ येते की लांब जाते ते कळतं का. या उत्तरांचा आणि माणसाला रोजच्या जगण्यात वाटणाऱ्या अडचणीचा संबंध घट्ट निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालात श्रवणदोषावर उपचार किंवा मदत लागणाऱ्यांचा आकडा 43 कोटींच्या वर आहे. त्यातल्या किती जणांना कोणी विचारलं असेल, की बाबा, चाहूल लागते का?

आता मशीनकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण यातली प्रत्येक चूक मी केलेली आहे.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतं ते कानामागे बसणारं मशीन. त्याचा माइक कुठे असतो? कानाच्या वर, मागच्या अंगाला. म्हणजे आवाज कानाच्या वळ्यांत शिरण्याआधीच उचलला जातो. जो ठसा मेंदूने लहानपणापासून पाठ केला, तो उमटतच नाही. शिवाय पुष्कळ मशीनं नेमक्या त्या फार उंच पट्टीत हात आखडता घेतात, आणि तिथे दिलं तरी आतल्या कानाला ते पेलतंच असं नाही.

दुसरी गोष्ट. मशीन सगळे आवाज सारखे वाढवत नाही. बारीक आवाज जास्त वाढवतं आणि मोठा कमी, नाहीतर कुकरच्या शिट्टीने माणूस उडेल. शहाणपणाचंच आहे. पण दोन कानांत दोन शहाणे बसवले आणि ते एकमेकांशी बोलत नसले तर? समजा उजवीकडून कोणी बोललं. उजव्या कानाशी आवाज 10 डेसिबलने मोठा आहे, डाव्याशी लहान. उजवं मशीन म्हणतं, मोठा आहे, कमी वाढवू. डावं म्हणतं, लहान आहे, जास्त वाढवू. 10 चा फरक आतमध्ये 5 होतो. सावली होती, ती दोघा प्रामाणिक कारकुनांनी आपापल्या टेबलावर पुसून टाकली.

तिसरं, मशीनला हिशेब करायला काही मिलिसेकंद लागतात. कानात सैल, भोकांची टोपी असेल तर बाहेरचा मूळ आवाज थेट आत शिरतो आणि मशीनचा मागाहून येतो. दोन्ही मिसळून आवाजाचा पोत बदलतो. पण गंमत अशी, की ज्याचे खालचे स्वर शाबूत आहेत त्याला ही सैल टोपीच बरी पडते, कारण वेळेचा मूळ हिशेब तिच्यातून बिनधक्का आत जातो. कानाच्या मापाच्या घट्ट मोल्डने मशीनची शिट्टी थांबते खरी, पण कधीकधी उरलेली दिशाही थांबते.

दुकानात मात्र चॅनल मोजतात, म्हणजे मशीन आवाजाचे किती पट्टे वेगवेगळे हाताळतं ते. अमुक चॅनलचं अमुक हजार. चॅनल वाईट नाहीत, पण चॅनल वाढवून पाठीमागची सायकल पाठीमागे जात नाही.

तीस वर्षं ही मशीनं दुसऱ्यांच्या कानांत घातल्यावर अडीच वर्षांपूर्वी ती माझ्या कानांत आली. माझा आलेख मीच वाचला, आणि पेशंट म्हणतात तेच म्हणाले, "अजून एवढं काही नाही." मग बसवली दोन्ही. पहिला आठवडा विचित्र. सगळं जग डोक्याच्या आत भरलेलं. शेजारच्या घरातला कुकर माझ्या कवटीत शिजत होता. पाठीमागच्या फांदीवरचा कावळा समोरून ओरडायचा. एकदा रस्ता ओलांडताना डावीकडून येणारी स्कूटर बरोबर ओळखली, पण ती मागून वळून आली होती, आणि मी पुढे बघत होते. त्या दिवशी मला सरांची आठवण झाली. फार ओशाळल्यासारखं झालं.

आणि आता तो घुबडाचा बोळा, पण माणसांच्या कानांत. 1998 साली नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संशोधकांनी चार प्रौढ माणसांच्या कानांच्या खळग्यांत छोटे साचे बसवले. ऐकणं उत्तम असलेली माणसं. साचे बसताच वर-खाली ओळखणं साफ गेलं, डावं-उजवं राहिलं. साचे काढले नाहीत. काही आठवड्यांत चौघांनाही नव्या आकाराच्या कानांनी वर-खाली पुन्हा कळायला लागलं. यातलं मोठं आश्चर्य पुढे आहे. साचे काढल्यावर जुने कान त्याच क्षणी चालू झाले, नव्याने शिकावं लागलं नाही. मालवणचा माणूस पुण्यात वर्षभर पुणेरी बोलतो आणि गणपतीला गावी उतरल्यावर एसटीच्या पायरीवरच मालवणी सुरू करतो, तसं. मेंदूत दोन कान शेजारी शेजारी नांदतात.

म्हणून आज मी पेशंटला वेगळं सांगते. मशीन पैठणीसारखं सणासमारंभाला काढायची वस्तू नाही. रोज, उठल्यापासून. मेंदूला नवा ठसा पाठ करायला दिवस लागतात, आणि जो माणूस आठवड्यातून दोनदा लावतो त्याची कायम पहिलीच यत्ता. दोन्ही कान कमी असतील आणि ऐपत असेल तर एकावर भागवू नका, एका मशीनने तराजूचं एकच पारडं जड होतं. मशीनमध्ये फक्त समोरचं ऐकायची सोय असते, ती हॉटेलात चालू करा, रस्त्यावर बंद करा. रस्त्यावर मागचं हवं असतं. डॉक्टर नाही म्हणत नसतील तर मान वळवत राहा. कानोसा घेणारी माणसं तेच करत आली आहेत, कारण मान वळली की पुढचा आवाज एकीकडे सरकतो आणि मागचा दुसरीकडे.

पण खोटी आशाही दाखवणार नाही. नायमेखनच्या त्या चौघांचे आतले कान धडधाकट होते, साच्यातून उंच स्वर पोचत होते. जे पोचतच नाही ते मेंदू शिकणार कुठून? आता काही मशीनं एकमेकांशी बिनतारी बोलून तो 10 चा फरक जपायचा प्रयत्न करतात, काहींचा माइक थेट कानाच्या दाराशी आणलाय. फरक पडतो. माझं डावं-उजवं जवळपास पूर्वीसारखं झालं, आवाज डोक्यातून बाहेर गेले. पुढचं-मागचं मात्र अजून मान वळवून विचारावं लागतं.

घरच्यांसाठी एकच. आतल्या खोलीतून हाक मारू नका. त्यातही "अहो" तर नकोच. "अहो"मध्ये नाव नाही आणि पत्ताही नाही. समोर या, चेहरा दिसू द्या. डोळ्यांची दादागिरी सुरुवातीला दाखवली ना, ती इथे कामाला लावा.

आता कार्यक्रमपत्रिकेत प्रश्नोत्तरं आहेत. कार्यकर्ते सभागृहात माइक फिरवणार आहेत. त्यात बोललात की तुम्ही कुठेही बसलेले असा, तुमचा आवाज या दोन स्पीकरमधूनच येणार, आणि मी तुम्हाला भिंतीवर शोधत राहणार. तेव्हा हात वर करा, उभे राहा, मी तुमच्याकडे वळेपर्यंत थांबा, आणि मग विचारा.